आतून लावलेली कडी

ऐंशी सालाच्या थोडं आधीची गोष्ट. मी तेव्हा बहारीनमध्ये एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होतो. तुबलीला खाडीच्या अंगाला आमचा कॅम्प होता. कामगारांच्या खोल्या प्लायवूडच्या, वर पत्रे. पक्की इमारत एकच, ती म्हणजे सिमेंटचं गोदाम.

मार्च लागला होता. थंडी संपली म्हणून सगळ्यांनी ब्लँकेटं धुऊन पेटीत टाकली होती. त्या शुक्रवारी दुपारची जेवणं उरकली आणि उत्तरेकडून आभाळ काळंपिवळं होऊन आलं. आधी धूळ, मग पाऊस. आम्ही कोकणातली माणसं, पावसाला कोण भितो? पण हा बर्फासारखा गार होता आणि वाऱ्याबरोबर आडवा येत होता.

खिडक्या बंद करायला मी गोदामात गेलो, तोच फोन वाजला. साहेब उम्म अल हस्सम भागातल्या आपल्या फ्लॅटवरून बोलत होता.

"दरवाजा मत खोलना. किसी के लिए भी नहीं. एक बोरी भीगी तो तेरा व्हिसा खलास."

आदल्या वर्षी सिमेंट भिजलं म्हणून माझ्या आधीच्या स्टोअरकीपरला आठवड्यात घरी पाठवलं होतं. मी आतून कडी घातली.

थोड्या वेळात खोल्यांवरचे पत्रे उडाले. ते डांबरी रस्त्यावर आपटत गेल्याचा आवाज मी ऐकला. मग धावती पावलं, आणि दारावर थापा.

"उघड रे, मी आहे."

आमचे स्वयंपाकी होते. गुहागरकडचे, पन्नाशी उलटलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. नवीन आलो तेव्हा मला कावीळ झाली होती. महिनाभर माझ्यासाठी वेगळी पेज त्यांनीच शिजवली होती.

"काका, साहेबांनी नाही सांगितलंय."

"दाराशीच उभे राहतो. पोत्यांना हात नाही लावत. गारा पडतायत रे."

"नाही जमणार, काका."

बाहेरून आईबहिणीवरून शिव्या आल्या. कोणीतरी दाराला लाथ घातली. तेव्हा काकांचा आवाज आला, "लाथा नको मारू. त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे."

मी पोत्यांच्या थप्पीवर बसून सिगारेट पेटवली. तासभर बाहेर खोकला ऐकू येत होता. मी उठलो नाही.

वादळ ओसरल्यावर कडी काढली. माणसं भिंतीला चिकटून, एकमेकांना धरून उभी होती. काकांचे ओठ निळे पडले होते. माझ्याकडे न बघता ते स्वयंपाकघराकडे गेले, ओला स्टोव्ह कसाबसा पेटवला आणि सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला.

सकाळी साहेब आला. थप्प्या बघून खूश झाला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून मी जेवायला बसलो की शेजारचा माणूस ताट उचलून दुसरीकडे जायचा.

तिसऱ्या दिवशी काकांना ताप चढला. हॉस्पिटलात नेलं. तिथली नर्स वसईची होती, मराठी ऐकून जवळ आली. काका तासभर गारांत उभे होते हे तिला कळलं होतं.

"न्यूमोनिया आहे. या वयाच्या माणसाला इतका वेळ थंडीत कसं ठेवलंत?"

"वादळ होतं," मी म्हणालो.

काका वाचले, पण दम राहिला नाही. मोठं पातेलं उचललं की मटकन खाली बसायचे. महिनाभरात साहेबाने त्यांचा व्हिसा कॅन्सल केला. कागद टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं. 'कामास अयोग्य' असं मीच इंग्रजीत लिहिलं आणि सही घ्यायला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी विचारलं, "कुठे करू?" मी बोट दाखवलं.

ते निघाले तेव्हा मी गाडीपाशी गेलो. त्यांची पेटी डिकीत ठेवायला पुढे झालो, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि धापा टाकत स्वतःच आत ढकलली.

"काका, माझं चुकलं."

गाडीत बसून त्यांनी दार लावून घेतलं आणि ते ड्रायव्हरला म्हणाले, "यल्ला, चल."