दिगूची गढूळ बिअर

दिगू गेल्याचं सुमनवहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा दुःखाच्या आधी एक हिशेब मनात आला. सात महिने मी टेंभुर्णीला त्याच्या घरी गेलो नव्हतो. त्याआधी जालन्याहून निघून दर रविवारी जायचो.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर दिगूला घरी बिअर करायचा नाद लागला. सातू भिजवून मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, थोडे भाजायचे, उकळायचे, आणि ते पाणी गार झालं की खमीर घालून महिनाभर झाकून ठेवायचं. पहिली बाटली उघडली त्या दिवशी त्याचे तीन जुने सहकारी आणि मी होतो. पेल्यात मातकट, दाट असं काही उतरलं.

"विहिरीचा गाळ काढला का रे, दिगू?" मी म्हणालो. सगळे हसले, तोही हसला.

"थोडी गढूळ हाय. पण चव तर बघ."

मी पेला ओठांना न लावताच खाली ठेवला. वर शहाणपण शिकवलं, की पावसाळ्यात पाण्यात फिरवतो तशी तुरटी फिरव.

त्यानं खरंच फिरवली. काही दिवसांनी फोन आला. "तोंड आवळून राह्यलं बिलकुल. सगळी मोरीत ओतली. आता निवळशंख झाल्याबिगर तुला बोलवणार न्हाई." मला वाटलं, रुसला. तुरटीची चूक माझी होती, एवढं एक वाक्य बोलायचं होतं... मी बोललो नाही. बोलावणं येईल म्हणून बसून राहिलो.

तेराव्यानंतर वहिनींनी फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात एक बाटली उभी होती.

"हात लावू देत नव्हते, भाऊजी. गारव्यात उभी ठेवली की गाळ आपोआप बसतो म्हणायचे. दर रविवारी उजेडात धरून बघायचे. अजून एक आठवडा, मंग बोलावतो त्याला... असंच चालू होतं."

मी ती खिडकीशी धरली. पलीकडची कडुनिंबाची पानं बाटलीतून आरपार मोजता येत होती.

"तुम्हीच घेऊन जा," त्या म्हणाल्या.

मोटारसायकलच्या डिकीत, खड्ड्यांच्या रस्त्यानं बाटली जालन्याला आणली. पेल्यात ओतली तेव्हा तळाचं सगळं वर आलं होतं. दोन दिवस उभी ठेवली असती तर पुन्हा निवळली असती, पण मला राहवलं नाही. गाळासकट प्यायलो. जराशी कडू, भाजलेल्या सातूच्या वासाची. चांगली होती. हे त्याला सांगायला त्या दिवशी एक घोट पुरला असता.