पहिली कुदळ

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होऊन काही दिवस झाले होते. बाभळींवर फाटके पतंग अजून लटकत होते. कामरेजच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की उसाच्या शेतांच्या कडेला आमचा एवढासा प्लॉट आहे. त्या दिवशी तिथे पाया खोदायला सुरुवात व्हायची होती. उधन्याच्या एका खोलीत सगळा संसार केलेल्या आमच्या घराला स्वतःची जमीन पहिल्यांदाच मिळत होती. आमच्या गल्लीतली चार माणसं टेम्पोत बसून मुद्दाम आली होती.

पूजा सांगणाऱ्या महाराजांनी नारळ फोडला आणि ते म्हणाले, "पहेलो घा घरधणीनो." पहिला घाव घरमालकाचा.

माझ्या नवऱ्याने पँट दुमडली आणि कुदळ उचलली. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी लेकाच्या हातातून कुदळ अक्षरशः ओढून घेतली.

"घरधनी मीच शे," त्या म्हणाल्या आणि खाली वाकून घाव घातला.

कुणीतरी हसत म्हणालं, "मावशी, मिस्त्रीला सुट्टी देऊन टाका आता!" सगळे हसले. पण शेजारच्या काकू हसल्या नाहीत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. शुभकार्यात पहिला हात विधवेने लावायचा नसतो, हे आत्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एरवी हळदीकुंकवाला त्या स्वतःच दाराबाहेर बसतात. म्हणून मलाही ते विचित्र वाटलं. घराची हौस माणसाला काय काय करायला लावते, असा विचार करून मी ते सोडून दिलं. शिवाय माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. उदबत्तीच्या वासाने मला मळमळत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी पदर तोंडाशी धरून उभी होते.

मला दिवस गेले होते. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, असं आम्हाला वाटत होतं.

याआधी एकदा दिवस गेले होते तेव्हा आनंदाच्या भरात आम्ही सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते. आणि मग तीन महिने व्हायच्या आतच ते गेलं. "तीन महिने तोंड उघडायचं नसतं," असं तेव्हा मला इतक्या बायकांनी सांगितलं, की यावेळी मी माझ्या आईलासुद्धा काही बोलले नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. असल्या गोष्टींना आधार नसतो, हे वर्गात कुणी विचारलं असतं तर मी नीट सांगितलं असतं. पण वर्गात कुणी विचारत नव्हतं, आणि घरी मी एकटी असताना पोटावर हात ठेवून बसायचे.

तीन महिने झाल्यावर आम्ही आत्यांना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "बरं व्हयनं," एवढंच म्हणाल्या आणि निवडत राहिल्या. मला वाटलं होतं त्या रडतील, निदान जवळ घेतील. पण त्यांचा हात सुपावर जरा जोरात फिरायला लागला, बस.

त्याचं कारण मला आठवड्याभराने समजलं, किंवा समजलं असं वाटलं. काकूंना बातमी कळली तशी त्या जिन्यातच भेटल्या. त्यांनी हिशोब मांडला. मग हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे पाया खोदला तेव्हा तू होतीसच की! अगं बाई, पोटुशी बाई घरात असताना कुणी पाया घालतं का? आणि वर विधवेचा हात. एवढं शिकलीस आणि एवढंही ठाऊक नाही?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. एक रीत पाळायला गेले, म्हणून दुसरी मोडली. तीन महिने लपवायचं म्हणून लपवलं, आणि लपवलं म्हणून पाया खोदला गेला. तेव्हा बोलले असते तर आत्यांनी पाया पुढे ढकलला असता. आता खोदलेला पाया तसाच उघडा ठेवणंही वाईट, असंच काकू म्हणाल्या. म्हणजे पुढे जायची भीती आणि थांबायचीही भीती.

काम पुढे गेलंच. दर रविवारी आम्ही तिघं प्लॉटवर जायचो. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, काम करतो, रविवार तेवढा मोकळा. मी पुस्तकं सोबत घ्यायचे, कारण परीक्षा जवळ आली होती, पण वाचन फारसं व्हायचं नाही. उधन्यात माझ्या कानांना दिवसभर लूमच्या संचांच्या खटखटाटाची सवय. तिथे नुसती शांतता, त्यामुळे बारीकसारीक हालचालींकडे लक्ष जायचं. ऊस तोडायच्या आधी शेत पेटवायचे. मग काळी राख हलकेच येऊन माझ्या वहीवर बसायची आणि विझलेल्या शेतात बगळे उतरायचे, पांढरेशुभ्र, त्या काळ्या जमिनीवर. खंड्या विजेच्या तारेवर तासभर एकाच जागी बसून राहायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. मी पाच मिनिटंही स्वस्थ बसू शकत नव्हते. पोटात हललं की आनंद व्हायचा आणि लगेच पुढचं कधी हलणार याची काळजी लागायची.

नवऱ्याला हाताने काम करायची हौस. पण त्याने फावडं उचललं की आत्या ओरडायच्या, "ठेव ते! मजूर कसाले लायेल शेतस?" माती उचलू द्यायच्या नाहीत, खड्ड्यात उतरू द्यायच्या नाहीत. दाराची चौकट बसवायची तेव्हा नारळ, हळद, सगळं त्यांनीच केलं. तो एकदा चिडून म्हणाला, "आई, घर माझं आहे की तुझं?" त्या म्हणाल्या, "तुनंच शे. पन तू दूर उभा राह्य." लाडावलेला एकुलता एक मुलगा, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं.

उन्हाळ्याच्या शेवटी स्लॅबसाठी कपची आणून टाकली. कपची म्हणजे काँक्रीटमध्ये घालायची बारीक खडी. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर त्या ढिगाजवळून एक टिटवी एवढ्या जोरात ओरडत उठली की मी दचकून मागे सरले. ढिगाच्या कडेला जरासा खोलगट भाग होता आणि त्यात अंडी होती. खडीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली. नीट पाहिल्याशिवाय दिसलीच नसती.

टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. टिटवीचं ओरडणं अशुभ, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मोबाइलवर वाचलं, तर ती फक्त आपल्या अंड्यांपासून लोकांना दूर हाकलत असते. वाचून बरं वाटलं. पण पुन्हा ओरडली तेव्हा मी पोटावर पदर ओढून घेतलाच.

मिस्त्री दाहोदकडचा, हसरा माणूस. म्हणाला, "भाभी, हटा दूं क्या? दूसरी जगह रख देते हैं."

"हात लावशील तर देख!" आत्या म्हणाल्या. त्यांनी फुटकी घमेली आणि दोन विटा आणून त्या कडेला आडोसा केला. कपची दुसऱ्या बाजूने घ्यायची असं ठरलं. मिस्त्री मान हलवत म्हणाला, "मांजी का हुकम."

त्यानंतर मला रविवारची वाट बघवेना. मी आधी अंडी पाहायचे, मग घर. काय जोडत होते मनात, ते मला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

स्लॅब भरायच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. आकाश भरून येत होतं, त्यामुळे मिस्त्रीला घाई. मी ढिगाकडे गेले. विटा जागेवर होत्या, घमेली जागेवर होती. अंडी नव्हती. कवचाचा एक तुकडाही नव्हता. टिटवीही कुठे दिसेना.

"पिल्लं निघाली असतील, ती लगेच पळतात," नवरा म्हणाला.

"मुंगूस फिरता है इधर," मिस्त्री म्हणाला आणि माझा चेहरा बघून मिक्सरकडे वळला.

मिक्सर सुरू झाला. मजूर ओळीने उभे राहून घमेली वर देऊ लागले. मी कडुनिंबाखाली बसले आणि मला जाणवलं, की सकाळपासून पोटात काही हललेलं नाही. आधी वाटलं, मिक्सरच्या आवाजात कळत नसेल. पाणी प्यायले. कुशीवर झाले. गूळ खाल्ला. काही नाही. पोट जड आणि गप्प होतं.

मी नवऱ्याला हाक मारणार, तेवढ्यात आत्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "काय व्हयनं?"

"हलत नाहीये आत्या."

त्या तशाच वळल्या. रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. नवरा मिक्सरजवळून धावत आला, मी पण येतो म्हणाला. पण एकदा सुरू केलेला स्लॅब मध्येच सोडता येत नाही, मधला जोड कायमचा कच्चा राहतो. "तू स्लॅब देख," आत्या म्हणाल्या. "हाई मी देखस."

कामरेजपर्यंतच्या रस्त्यात मला रडू आवरेना. मनात होतं ते सगळं बाहेर पडलं. "माझंच चुकलं आत्या. मी तेव्हा सांगायला हवं होतं. पायाच खोदायला नको होता."

आत्या बाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "माले तवयच समजनं व्हतं."

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणतायत.

"उदबत्तीना वासवर तू तोंड फिरावं ना, तवयच. पन तुमी दोन्ही लपाडी राहिंतात. मी बोलू, आनि नजर लागी गई तर? मुहूर्त ठरेल, मानसं येल. काय सांगीसन थांबाडू?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पोटुशी बाईना नवरानी कुदळ मारानी नही. म्हनीसन त्याना हातमाईन लिधी."

ओढून घेतलेली कुदळ, फावडं, खड्डा, चौकट, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"मंग काकू मालेबी बोलनी, विधवाना हात." त्यांनी स्वतःचे हात पुढे धरून पाहिले. "तवयपाशीन माले झोप नही. मन्हा हात लागना, म्हनीसन काही व्हई का?"

त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते. इतके महिने मी माझी भीती त्यांच्यापासून लपवत होते आणि त्या त्यांची माझ्यापासून. मी त्यांचा हात सोडवून माझ्या पोटावर ठेवला. त्या आधी आक्रसल्या, मग त्यांनी तो तिथेच राहू दिला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोटावर गार जेल लावलं आणि मशीन फिरवलं. नुसती खरखर. त्या मशीन सरकवत राहिल्या. मी छताकडे बघत होते. मग खरखरीच्या मागून आवाज आला, खटखट, खटखट, भरभर आणि एकसारखा. लांबच्या एखाद्या खात्यात एकच संचा चालू असावा तसा.

आत्यांनी आयुष्यभर खात्यात बॉबिनी भरल्या आहेत. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "चालू शे," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरबाईंना हिंदीत विचारलं, "चालू है ना?"

"एकदम चालू है, मांजी," डॉक्टरबाई हसल्या. पण मला म्हणाल्या, उन्हात बसायचं नाही, रोज हालचालींवर लक्ष ठेवायचं, पुन्हा असं वाटलं तर लगेच यायचं. ते 'पुन्हा' माझ्या मनात राहून गेलं.

परत गेलो तोवर अर्धा स्लॅब झाला होता. आम्हाला बघताच नवरा शिडीवरच थांबला. आत्यांनी खालूनच हात उंचावून हलवला तेव्हा तो उतरला, आणि उतरून विटांवर बसला तो कितीतरी वेळ उठलाच नाही.

हे लिहितेय तेव्हा घराला प्लास्टर व्हायचंय आणि मला नववा लागलाय. घरभरणी बाळंतपणानंतरच, असं आत्यांनी ठरवलंय आणि मी वाद घातला नाही. टिटवीच्या पिल्लांचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. आत्या म्हणतात निघाली. मी उसाच्या कडेला बघते, अजून दिसली नाहीत.

भीती आहेच. फक्त रोज सकाळी आत्या चहा ठेवायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसतात, तळहात एकमेकांवर घासून गरम करतात आणि पोटावर ठेवतात. मग आम्ही दोघी न बोलता वाट बघतो. कधी लगेच हलतं, कधी उशीर होतो. हललं की त्या उठतात आणि स्टोव्ह पेटवतात.