ताडपत्रीखालची गाडी

खाडीकाठी सगळे त्यांना दोरीमास्तर म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. जुनी वॉटर स्कूटर दुरुस्त करून दिली, की मास्तर आधी गिऱ्हाइकाच्या मनगटाला लाल दोरी बांधायचे, तिचं दुसरं टोक इंजिनच्या बटणात अडकवायचे आणि माणूस पाण्यात पडलाच तर इंजिन बंद पडतं का ते खसकन ओढून बघायचे. गिऱ्हाईक कितीही तोऱ्यातलं असो, सुटका नाही. एकजण वैतागून म्हणाला, "मास्तर, मी काय बैल आहे का?" मास्तर म्हणाले, "बैल असतास तर एवढा घोर नसता. बैलाला पोहता येतं."

पण हात असा, की बघत राहावं. कंपनीने ज्यांचे सुटे भाग बनवणं कधीच बंद केलंय अशा गाड्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायच्या. हो, गाडीच म्हणायचे ते, कारण या धंद्यात येण्याआधी मास्तर आणि त्यांचा भाऊ मोटरसायकली दुरुस्त करायचे आणि तीच जीभ राहिली. फुटलेली बॉडी फायबरने सांधायची, तळहात कुठे अडखळणार नाही इतकी घासायची, गंजलेलं इंजिन खोलून पुन्हा गुरगुरतं करायचं. एवढं झालं की दुसरा कुणी रंग मारून मोकळा झाला असता. मास्तरांचं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं, अंगठ्याने दाबायच्या रेसच्या खटक्यापाशी.

या गाडीची गंमत अशी, की हिला ना चाक, ना ब्रेक. पोटात पाणी ओढायचं आणि मागच्या तोटीतून जोरात फेकायचं. हँडल फिरवलं की तोटी फिरते, पाण्याची धार फिरते, म्हणून गाडी वळते. म्हणजे रेस आहे तोवरच हँडलला अर्थ. अंगठा सोडला की धार गेली, आणि मग हँडल कितीही फिरवा, गाडी आपली नाकासमोर! म्हणून मास्तर खटक्याला दोन स्प्रिंगा लावायचे, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. आणि सोबत एक छोटा दट्ट्या, म्हणजे घाबरून अंगठा सोडला तरी रेस धाडकन पडायची नाही, हळूहळू उतरायची. तेवढ्यात माणूस वळून निघू शकतो. असं काम जवळपास कुणीच करत नव्हतं.

हे सगळं ते करायचे लोकांच्या गाड्यांना. शेडच्या मागच्या कोपऱ्यात एक गाडी ताडपत्रीत गुंडाळून पडली होती, तिला मात्र कुणी हात लावायचा नाही. ती त्यांच्या धाकट्या भावाची.

धाकटा म्हणजे थोरल्याची सावली. थोरल्याने उठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा. लग्न झालं, मुलगी झाली, तरी "दादाला विचारतो" हे तोंडातून गेलं नाही. बायको चिडवायची, "जेवू का, तेपण दादालाच विचारा." दोघांनी मिळून ती उभ्याने चालवायची गाडी भंगारातून उचलून उभी केली. पाण्यातलं दोघांनाही फारसं कळत नव्हतं. थोरल्याने मोटरसायकलीवरचा धडा तसाच शिकवला, "गडबड वाटली की आधी अंगठा सोड. बाकी सगळं नंतर."

आणि एका सकाळी धाकटा धक्क्याजवळ वळायला गेला आणि अंदाज चुकला. काठावरून मास्तर जिवाच्या आकांताने ओरडत होते, "सोड! अंगठा सोड!" गाडी वळली नाही. सरळ धक्क्याच्या दगडांवर गेली. पुढचं सांगण्यासारखं नाही, आणि मी सांगणारही नाही.

खाऱ्या पाण्यातून आलेल्या गाडीवर रोज संध्याकाळी गोडं पाणी मारावं लागतं, नाहीतर मीठ रेसची केबल खातं, ती अडकते आणि अंगठा सोडला तरी रेस उतरत नाही. ते काम भावजयीकडे होतं. आदल्या संध्याकाळी मुलगी तापाने फणफणली होती, म्हणून ते राहून गेलं. त्या दिवशी माणसांनी भरलेल्या घरात मास्तर बोलून गेले, "एक दिवस पाणी मारलं असतं तर केबल अडकली नसती. मी सोड म्हटल्यावर त्याने सोडलं नाही असं कधी झालंय का?"

एकदाच बोलले. पण बोलले ते बोलले. भावजयीने मान वर केली, काहीतरी म्हणायला गेली, आणि गप्प झाली. त्यानंतर ती कधी शेडकडे फिरकली नाही. मास्तरांनी त्या मायलेकींना काही कमी पडू दिलं नाही. तीही त्यांच्या जेवणाखाण्याचं सगळं बघायची. फक्त घरातली प्रत्येक वस्तू दोनदा धुवायची. ताट दोनदा, बादली दोनदा, मुलीचे कपडे विरेपर्यंत. मुलगी हसायची, "आईला स्वच्छतेचं खूळ आहे." मास्तर मात्र त्या वेळी ताटातून मान वर काढायचे नाहीत.

पुढे काम करता करता मास्तरांना कळलं, की पाण्यावर अंगठा सोडला की गाडी वळतच नाही. कळलं त्या दिवशी ते शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मनात आलं ते त्यांनी तिथेच दाबलं. केबल अडकली होती, बस्स. त्यानंतर तर त्यांनी ताडपत्रीकडे बघणंही सोडलं.

आता शेड रिकामी करायची वेळ आली. जागा दुसऱ्याच कामासाठी जाणार होती, मास्तरांच्या डोळ्यांनाही बारीक काम दिसेना. पुतणी आली. ती बंदरात क्रेन चालवते, आवाज तसाच खणखणीत. म्हणाली, "काका, जगाच्या मेलेल्या गाड्या उठवल्यात. माझ्या बाबांचीच तेवढी निजवून ठेवलीत. भंगारात नाही जाऊ द्यायची मी. एकदा चालू करून द्या, एकदाच चालवते."

"ती नको, बाई. दुसरी कुठलीही माग."

"दुसरी माझ्या बाबांची नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एकट्याने ताडपत्री काढली.

गाडी धक्क्यावरून आणली होती तशीच होती, त्यांनी स्वतःच गुंडाळलेली. हँडल एका बाजूला पूर्ण फिरून तिथेच वाकून बसलं होतं. म्हणजे धाकट्याने वळवायला जीव तोडून हँडल मारलं होतं. मास्तरांनी कार्ब्युरेटर उघडला. आतली झडप गंजून घट्ट झाली होती, पण मिटलेली, म्हणजे रेस पूर्ण उतरलेली. केबल कापून काढली, वरचं रबर सोललं. आत वाळून पिवळं पडलेलं ग्रीस, काठोकाठ. बोटाने पुसलं तर खाली तार चकचकीत. ओढली, सरकली. गंजाचा एक ठिपका नाही.

केबल अडकली नव्हती. धाकट्याने अंगठा सोडला होता. दादाने सोड म्हटलं, त्याने सोडलं. नेहमीसारखं ऐकलं. नुसता धरून ठेवला असता तर वळून गेला असता.

मास्तर जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

ते घरी आले तेव्हा भावजय मोरीपाशी पेला धूत होती. मास्तर दारातच थांबले. हे गिळून टाकता आलं असतं. पुतणीला काय कळणार होतं? पण समोर तो धुतलेला पेला पुन्हा नळाखाली गेला, आणि त्यांच्याने राहवलं नाही.

"केबल ठीक होती," ते म्हणाले. "तुझ्या पाणी मारण्या न मारण्याने काही झालं नाही. मी सोड म्हणालो, त्याने सोडलं. माझ्यामुळे गेला तो. तुझ्यामुळे नाही."

भावजयीने नळ बंद केला. पदराला हात पुसले आणि चालू लागली. मास्तर मागे मागे. ती सरळ शेडमध्ये शिरली, टेबलावरची केबल उचलली, त्या पिवळ्या ग्रीसवरून बोट फिरवलं आणि कितीतरी वेळ त्या बोटाकडे बघत राहिली.

"हे मी भरलं होतं," ती म्हणाली. "संध्याकाळी पाणी मारायचं राहिलं म्हणून सकाळी त्यांच्या आधी उठून भरलं होतं. त्या दिवशी सांगायला गेले, पण तुम्ही असं बोललात की वाटलं, कमी पडलं असेल. मग नीट भरलं नसेल असं वाटायला लागलं. आता आता तर वाटायचं, भरलंच नव्हतं, मीच मनाचं काहीतरी धरून बसलेय."

मास्तरांची नजर वाकलेल्या हँडलवर गेली.

"जगाच्या गाड्या उघडल्यात, भाऊजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच सहन होत नव्हतं. "ही एकदा उघडून बघायची होतीत."

तिने केबल टेबलावर ठेवली आणि बोटाला लागलेलं ग्रीस न पुसताच ती घरी गेली.