बोथट कात्रीचा चोर

शिवणकाकूंचा कोणावरच विश्वास नव्हता. सगळी हयात लोकांचे कपडे शिवण्यात गेलेली. ‘कापड भरपूर आहे हो’ म्हणणारी किती गिऱ्हाइकं त्यांनी टेप लावून तोंडावर पाडली होती. आता सुईचं नेढं दिसत नसे, पण हे त्यांनी घरात कळू दिलं नव्हतं. संशयाची नजर मात्र शाबूत होती.

त्यामुळे वस्तू नाहीशा होऊ लागल्या तशा काकू सावध झाल्या. आधी नागमोडी दात्यांची, बोथट झालेली कात्री गेली. मग लेसचे उरलेसुरले तुकडे, मग जोडी हरवलेली बटणं, मग नव्या शर्टाच्या घडीत येतात ते पुठ्ठे. चांगली कात्री जागेवर, नवी लेस जागेवर. चोराने वेचून कचराच का न्यावा? किमती माल गेला असता तर काकूंना इतकी धास्ती वाटली नसती. यात नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं.

घरात माणसं तीन. मुलाला मिठाची बरणी सापडायची मारामार, तो बटणं काय शोधणार? राहिली सून. ती मुळातच अबोल, आणि गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतल्यापासून तर फारच. त्या विषयावर घरात कोणी चकार शब्द काढत नसे. काकूंना गप्प माणसं पहिल्यापासून खटकत. ही आज चिंध्या हलवतेय, उद्या शिलाई मशीन विकेल, आणि मशीन गेलं की या घरात आपलं काय उरलं, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

मग त्यांनी सापळा लावला. चिंध्यांच्या गाठोड्याच्या गाठीला निळा खडू चोळून ठेवला. हे गाठोडं म्हणजे काकूंची जुनी खोड. शिवलेल्या प्रत्येक कपड्याचा तळहाताएवढा तुकडा त्या राखून ठेवत, उलट्या बाजूला खडूची फुली मारून. कोणता तुकडा कोणाचा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत.

संध्याकाळी सून चहा घेऊन आली. बोटं निळी. काकूंनी ती नीट पाहून चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सून भाजीला गेली आणि काकू तिच्या खोलीत शिरल्या. पलंगाखाली बुटांचा खोका होता. त्यात कात्री, लेस, बटणं, जुन्या कॅलेंडरचे रंगीत कागद, वाटीत कणकेची खळ. पुठ्ठे दोऱ्याने ओवून त्यांची वही केलेली, पानापानावर घरचे फोटो. एका पानावर मशीनवर बसलेल्या काकूसुद्धा. दाराशी पाऊल वाजलं तशा त्या वळल्या.

“मी जिवंत असतानाच माझी आठवण काढायला बसलीस का?”

सून पिशवी घेऊन दारात उभी होती. “अल्बम करतेय, आई. विकत काही आणायचं नाही, घरात आहे त्यातच भागवायचं ठरवलं.”

“चोरून?”

“मागितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कशाला म्हणून.”

“विचारणारच.” काकूंनी शेवटचं पान उघडलं. चारी बाजूंनी लेस, कोपऱ्यांत बटणं, मध्ये नुसता रिकामा चौकोन. “इथे कोणाचा फोटो लावणार?”

“फोटो नाहीये.” सून खालीच बसली. “तिचा कोणी काढलाच नाही. तुम्ही तिच्यासाठी पिवळं झबलं शिवत होतात ना? प्रत्येकाचा तुकडा ठेवता, म्हणून गाठोडं उसकटलं. तिचा नाही सापडला.”

सापडणार कसा? सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून काकूंनी अख्खं अर्धवट झबलंच लपवलं होतं, तुकडा गाठोड्यात गेलाच नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली. बाहेर जाऊन त्यांनी मशीनचा खण किल्लीने उघडला. आत झबलं होतं, एक बाही जोडायची राहिलेलं. ती सुटी बाही आणून त्यांनी चौकोनात ठेवली. बरोबर मावली.

सुनेने खळीची वाटी पुढे ओढली.

“चिकटवू नकोस. टाचते मी,” काकू म्हणाल्या. त्यांनी सुई काढली आणि सुनेपुढे धरली. “तेवढा दोरा ओवून दे. मला नेढं दिसत नाही.”