वाटूर फाट्यावरचे फेरे

मंठ्याच्या मिस्त्रीनं माझ्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये मोठा जेट बसवला, इंजिनचं हेड घासलं आणि छाती ठोकून सांगितलं, "आता गाडी बिलकुल थांबायची न्हाई!"

लेकाचा खरंच बोलला होता. रेस कमी केली की इंजिन बंद पडायचं, आणि एकदा बंद पडलं की किका मारून माझा पाय दुखायचा, पण ते काही चालू व्हायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी वाटूर फाट्यावर सासरे दिसले. थांबायची तर सोयच नव्हती. मग त्यांच्याभोवती गोल फिरतच मी घरची खुशाली विचारली. ते वडासारखे मधोमध उभे राहून उत्तरं देत होते. शेवटी वैतागून ओरडले, "जावईबापू, सात झाले! आता सात जन्म मीच सासरा का तुमचा?"