मांडीवरची बरणी

यवतमाळ जिल्ह्यातली निम्मी नाती काकांच्या मांडीवर बसून इकडून तिकडे गेली आहेत, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नाही. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यात राहतात, कापूस आणि तूर करतात. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखोमुलखी फिरायचे. त्या फिरतीला ते लदेणी म्हणतात. बैल गेले, डांबरी रस्ते आले, एसटी आली, पण काकांची लदेणी काही सुटली नाही. रिकाम्या हातांनी प्रवास करायची त्यांना लाज वाटते. नेरला आमच्या घरी यायचं ठरलं की आदल्या दिवशी ते तांडाभर फिरून विचारतात, "कोनाचं काही द्याचं हाये काय?" मग कुणाची जवसाची चटणी, कुणाच्या सासूचा विसरलेला चष्मा, कुणाच्या लेकीची राहिलेली एकच चप्पल असा ऐवज घेऊन ते एसटीत बसतात. सगळं मांडीवर. वरच्या फळीवर ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी टाकून देणं. एकदा एक कोंबडी पोचवायची होती, तिनं वाटेत अंडं घातलं. काकांनी आधी कोंबडी दिली, मग खिशातून अंडं काढून दिलं आणि "हे वाटंतलं हाये" असा खुलासाही केला.

त्यांचा नियम एकच, दुसऱ्याचा माल तिसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. यवतमाळच्या एका कचेरीतल्या कारकुनासाठी त्याच्या आईनं पुरणपोळ्या दिल्या होत्या. कारकून रजेवर. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ डबा ठेवून घ्यायला तयार होते, जरा जास्तच तयार होते. काका व्हरांड्यात बसून राहिले ते दुसऱ्या दिवशी कारकून येईपर्यंत. तोवर पोळ्या आंबल्या होत्या. "खराब झाल्या, पन पोचल्या," म्हणाले आणि समाधानानं स्टँडकडे निघाले.

हा स्वभाव आमच्या घराच्या कामी आला तो ताईच्या वेळी. माझ्या थोरल्या बहिणीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, वडिलांनी तिला दार बंद केलं, आणि ती समुद्रकाठच्या एका शहरात निघून गेली. वडील गेले तेव्हा ती आली नाही. आई तिचं नाव काढत नसे, पण दर उन्हाळ्यात कैरीचं लोणचं घालताना एक बरणी जास्तीची भरायची आणि ती वर्षभर कुणाला हात लावू द्यायची नाही. एका वर्षी काका आले असताना तिनं ती बरणी उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. तोंडाला तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. "पोरीले द्या," एवढंच म्हणाली. काकांनी ती लगेच मांडीवर घेतली. या वयात इतक्या लांब एकटे कसे सोडायचे म्हणून मी बरोबर गेलो.

ताई तिथल्या सागरी वस्तुसंग्रहालयाच्या कचेरीत नोकरी करते. शेकडो वर्षांपूर्वी बुडालेल्या एका जहाजातला माल पाणबुड्यांनी वर काढला, तो तिथे मांडून ठेवला आहे. मी फोन केला तेव्हा तिचा आवाज कोरडा होता. "काउंटरवर ठेवा. मी नंतर घेईन." मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "काउंटर काय तिचं नाव हाये?"

काउंटरवरच्या माणसानं बरणीच्या बदल्यात बिल्ला पुढे केला. काकांनी तो परत केला, तिकीट घेतलं आणि एका सहलीच्या घोळक्यात मिसळून बरणीसकट आत गेले. मी मागे. आत काचेपलीकडे त्या जहाजातल्या मातीच्या बरण्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. शिंपले चिकटलेल्या, तोंडं फुटलेल्या, एकीच्या तोंडाला तर अजून गच्च बूच. काकांनी त्या घोळक्याला माहिती सांगणाऱ्या बाईंना विचारलं, "हे कोनाले पोचवाचं होतं?" बाई म्हणाल्या, ते कळायला मार्ग नाही. "म्हंजे कोनीतरी वाट पाहून राह्यलं असंन," काका म्हणाले आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत. मलाही त्या फुटक्या बरण्यांकडे बघवेना.

ते वळले तेव्हा छातीशी बरणी धरलेली. दारावरच्या पहारेकऱ्यानं ती पाहिली आणि त्याची पाचावर धारण बसली. "आजोबा, ती जागेवर ठेवा." काका म्हणाले, "तिच्या जागेवरच घेऊन चाललो." माणसं जमली. एका साहेबांनी काचेतल्या बरण्या पुन्हा पुन्हा मोजल्या. मी सांगत होतो की हे लोणचं आहे, पण माझ्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. शेवटी साहेबांनी विचारलं, बरणी कुणाची? काकांनी ताईचं नाव घेतलं. "तुमच्या हापिसातच हाये. तिले बलवा. तिनं आपली नाही म्हटलं तं काचंत ठेवा."

ताई जिना उतरून आली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. त्या हिरव्या तुकड्याकडे पाहिलं, आणि एवढ्या लोकांसमोर तिला बोलावं लागलं. "माझ्या आईची आहे." मग जरा थांबून म्हणाली, "माझी आहे."

काकांनी बरणी तिच्या हातात दिली आणि पहिल्यांदा आपले दोन्ही हात झटकले.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या घरी जेवलो. भांडं रिकामं परत पाठवू नये एवढं तिच्या लक्षात होतं. बरणी धुऊन तिनं ती खड्याच्या मिठानं भरून दिली. परतीच्या गाडीत काका त्या बरणीवर हात ठेवून बसले होते. "आमच्या आज्यानं हेच आनलं, याच बाजूनं," असं त्यांनी सगळ्या डब्याला सांगितलं. आईनं पुढच्या वर्षीचं लोणचं त्याच मिठात घातलं.

आता ताई दर उन्हाळ्यात स्वतःच येते आणि बरणी स्वतःच घेऊन जाते. पहिल्या वर्षी हे कळलं तेव्हा काकांनी ओसरीवर बसून मांडीवरचं धोतर सारखं केलं. "बरं झालं," म्हणाले. तांड्यातही आता कुणी त्यांच्याजवळ काही देत नाही. सगळं कुरिअरनं जातं. गुडघे दुखतात, तरी ते महिन्यातून एकदा नेरला येतात आणि आईला विचारतात, "वयनी, कोनाचं काही द्याचं हाये काय?"

मी यवतमाळला राहतो आणि दर रविवारी आईकडे जातो. माझ्यासाठी भरलेली छोटी बरणी समोर फडताळात दिसत असते. एकदा मी ती उचलायला गेलो तर आईनं माझ्या हातावर चापट मारली. "राहू दे. मंगळवारी काका येनार हायेत."

तेव्हापासून आईकडून मी रिकाम्या हातांनी परत येतो.