तारखेसकट पोच

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी वरसाव्याच्या पुलाजवळ बसमध्ये अडकलो होतो. "दादा, आई गेली," एवढंच म्हणाला. कौसाआत्या गेली... माझ्या वडिलांची धाकटी बहीण. शेवटची काही वर्षं ती मुलाकडे हाटकेशला, चौथ्या मजल्यावर राहिली. त्याआधीचं सगळं आयुष्य मराठवाड्यातल्या गावी, त्यातलं बरंचसं रोजगार हमीच्या कामावर.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एका पुढाऱ्याने तिला 'योजनेची भाग्यवान लाभार्थी' म्हटलं. शोकसभेतही शाल त्याच्याच खांद्यावर होती. आत्या असती तर मधेच उठली असती. त्या शब्दावर तिचा राग होता. "लाभ कशाचा रं? काम मागितलं, दगड फोडले," असं म्हणायची.

काम मागावं कसं, हे ती एका चुकीतून शिकली. पाऊस गेलेल्या एका वर्षी तिने वस्तीतल्या बायांचे अर्ज गोळा करून पंचायतीत नेले. ग्रामसेवक म्हणाले, "ठेवून जा, बाई." ती ठेवून आली. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, असा कायदा. सोळाव्या दिवशी बाया गेल्या तेव्हा साहेबांनी विचारलं, "कुठले अर्ज?" सही-तारखेची पोच घेतलेली नव्हती; पंधरा दिवस कुठून मोजायचे? दिवाळीपर्यंत निम्मी वस्ती ऊसतोडीला गेली. तिची मैत्रीण सखूही गेली, पोरीला शाळेतून काढून. ती पोर पुन्हा शाळेत बसली नाही. आत्या हे आवाज न चढवता सांगायची, आणि दोष दर वेळी स्वतःकडेच घ्यायची. साहेबांचं नावसुद्धा तिने लक्षात ठेवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ती दसऱ्याआधीच गेली, सखूसकट सगळ्यांना घेऊन.

"ठेवून जा."

"पोच द्या."

"शिक्का तालुक्याला गेलाय."

"येऊ द्या. आमी बसतो."

बाया भाकऱ्या बांधूनच आल्या होत्या. दुपारी तिने साहेबांपुढेही अर्धी भाकरी ठेवली. "खा साहेब, लई वेळ लागंल." चारच्या सुमारास शिक्का टेबलाच्या खणातच सापडला. चौदाव्या दिवशी पाझर तलावाचं काम निघालं, आणि त्या वर्षी वस्तीतलं एकही बिऱ्हाड ऊसतोडीला गेलं नाही. त्या तलावाच्या उद्घाटनाला कोण आलं होतं, हे गावात आज कुणाला आठवत नाही. पाणी मात्र आहे.

हाटकेशला आल्यावरही सवय सुटली नाही. छत गळतंय, या तक्रारीचीसुद्धा तिने सोसायटीच्या सेक्रेटरीकडून पोच घेतली. मिलिंद लाजेने अर्धा झाला. "आई, इथे असं कोणी करत नाही गं." "म्हणून गळतंय," ती म्हणाली.

मागच्या आठवड्यात रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करण्याचा अर्ज द्यायला मिलिंदबरोबर गेलो. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "रख दो, हो जाएगा." मी वळलोसुद्धा होतो. मिलिंद हलला नाही.

"पोच द्या. तारीख टाकून."

"साहब लंच पे है."

"चालेल. बसतोय आम्ही."

बसलो. पाऊण तासाने पोच मिळाली. घरी येऊन त्याने आत्याचा पत्र्याचा डबा उघडला आणि ती नीट घडी करून आत ठेवली... तळाशी पंचायतीचा शिक्का असलेला एक पिवळा कागद होता, त्याच्यावर.